कायली मिनोगची दूरचित्रवाणीवरील कारकीर्द मराठीत कशी नोंदवावी

एखादी अभिनेत्री पुढे गायिका म्हणून जगभर नावाजली गेली की तिच्या दूरचित्रवाणीवरील कामाची बोळवण मराठीत बहुधा एकाच वाक्यात होते: मालिकांमधून सुरुवात करून ती पुढे संगीताकडे वळली. ऑस्ट्रेलियाच्या कायली मिनोगविषयी हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते आता खरेच वाटू लागते. तारखा शेजारीशेजारी मांडल्या की मात्र ते टिकत नाही. ज्या महिन्यात तिची मालिका ऑस्ट्रेलियात शिगेला पोहोचली त्याच महिन्यात तिचे पहिले गाणे तेथे बाजारात आले, आणि ज्या महिन्यात तीच मालिका ब्रिटनमध्ये शिगेला पोहोचली त्या महिन्यात तेथे तिचे आणखी एक, वेगळेच गाणे आले. मधले अंतर सोळा महिन्यांचे होते आणि प्रसंग एकच होता: मालिकेतील तिच्या पात्राचे लग्न. कोशासाठी, दिवाळी अंकासाठी किंवा मराठी विकिपीडियासाठी तिच्याविषयी नोंद तयार करणाऱ्याला ही गुंतागुंत नीट उलगडता यावी, यासाठी पुढील कार्यपद्धती मांडत आहे.

आधी कुंपण घाला

नोंद दूरचित्रवाणीची आहे, हे पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावे. कायली मिनोगने चित्रपटही केले. १९८९ साली ‘द डेलिन्क्वेंट्स’ आणि १९९४ साली ‘स्ट्रीट फायटर’ पडद्यावर आले, आणि २००९ साली ‘ब्लू’ या हिंदी चित्रपटात ए. आर. रहमान यांच्या संगीतावर ती अक्षयकुमारबरोबर ‘चिगी विगी’ या गाण्यात दिसली. मराठी वाचकाला यातले शेवटचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटते आणि म्हणूनच ते नोंदीत घुसवण्याचा मोह होतो. ते चित्रपटांच्या नोंदीत जावे, येथे नको.

कुंपणाच्या आत जे उरते तेही एकजिनसी नाही. कथेतील पात्र रंगवणे, कथामालिकेत स्वतः कायली मिनोग म्हणूनच येणे, संगीताच्या कार्यक्रमात गाणे आणि स्पर्धेच्या कार्यक्रमात मार्गदर्शक म्हणून बसणे ही चार वेगवेगळी कामे आहेत. मराठीत या सगळ्यांना ‘मालिकेत झळकली’ असे सरसकट म्हणण्याची सवय लागली आहे आणि त्यामुळे वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. १९९४ साली ‘द व्हिकर ऑफ डिब्ली’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतील एका भागात ती आली, तेव्हा ती स्वतःच्याच रूपात आली होती. याउलट २००७ साली ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेत तिने पात्र रंगवले. या दोन्ही नोंदींपुढे ‘पाहुणी भूमिका’ एवढेच लिहिले, तर एका ठिकाणी अभिनय आहे आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ उपस्थिती आहे, हे वाचकाला कळणार कसे? म्हणून प्रत्येक नोंदीपुढे कामाचा प्रकार लिहिलाच पाहिजे.

दोन देश, दोन रकाने

या कार्यपद्धतीचा कणा हाच आहे, आणि येथे घाई करू नये. वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात प्रथम प्रक्षेपणाच्या तारखेसाठी एक नव्हे, तर दोन रकाने आखावेत, एक ऑस्ट्रेलियाचा आणि दुसरा ब्रिटनचा. तिसरा रकाना त्याच सुमारास बाजारात आलेल्या गाण्यासाठी ठेवावा आणि तेथेही ते गाणे कोणत्या देशात आले हे लिहावे. मग ‘नेबर्स’ या मालिकेपासून भरायला सुरुवात करावी.

रेग वॉटसन यांच्या कल्पनेतून आलेली आणि ग्रंडी या संस्थेने निर्माण केलेली ही दैनंदिन मालिका १८ मार्च १९८५ रोजी सेव्हन नेटवर्कवर सुरू झाली. १७० भागांनंतर त्या वाहिनीने ती बंद केली, आणि प्रतिस्पर्धी टेन नेटवर्कने ती उचलून जानेवारी १९८६ पासून पुन्हा दाखवायला घेतली. ‘कायली मिनोग सेव्हन नेटवर्कवरील नेबर्समध्ये होती’ असे कुठे वाचायला मिळाले, तर ते चुकीचे समजावे, कारण तिचे पात्र शार्लीन मिचेल एप्रिल १९८६ मध्ये, म्हणजे मालिका टेनकडे आल्यानंतर, प्रथम दिसले. ब्रिटनमध्ये बीबीसी वनने ही मालिका २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पहिल्या भागापासून दाखवायला सुरुवात केली. साहजिकच ब्रिटिश प्रेक्षक कथेत कायम मागे राहिला, आणि हे मागे राहणेच पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

आता शार्लीन आणि स्कॉट रॉबिन्सन यांच्या लग्नाचा भाग घ्या. ऑस्ट्रेलियात तो १ जुलै १९८७ रोजी दिसला आणि ब्रिटनमध्ये ८ नोव्हेंबर १९८८ रोजी. दोन्ही तारखा आपापल्या रकान्यात लिहून तिसऱ्या रकान्याकडे वळावे. ऑस्ट्रेलियात जुलै १९८७ मध्येच मशरूम रेकॉर्ड्सने तिचे पहिले गाणे ‘लोकोमोशन’ बाजारात आणले, आणि ते तेथील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाण्याचा उगमही मालिकेच्या वर्तुळातलाच आहे: मेलबर्नच्या फिट्झरॉय फुटबॉल क्लबच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात मालिकेतल्या सहकलाकारांबरोबर ती मंचावर आली आणि तेथे तिने हे जुने गाणे म्हटले. ब्रिटनमध्ये लग्नाचा भाग दिसला त्याच नोव्हेंबर १९८८ मध्ये स्कॉटची भूमिका करणाऱ्या जेसन डोनोव्हनबरोबरचे तिचे युगुलगीत ‘एस्पेशली फॉर यू’ निघाले आणि जानेवारी १९८९ मध्ये ते तेथे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पडद्यावरचे लग्न एकच, पण त्याच्या शेजारी ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात एक गाणे उभे आहे आणि ब्रिटनच्या रकान्यात दुसरे.

या दोन टोकांमध्ये आणखी एक तारीख येते आणि ती भरली की चित्र अधिकच बोलके होते. लंडनच्या स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या निर्मात्यांनी तिच्यासाठी केलेले ‘आय शुड बी सो लकी’ फेब्रुवारी १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि पाच आठवडे तेथे राहिले. त्या वेळी ऑस्ट्रेलियातील प्रेक्षकाने शार्लीनचे लग्न पाहून सात महिने झाले होते, तर ब्रिटिश प्रेक्षकासाठी ते अजून नऊ महिने दूर होते. जुलै १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात शार्लीनने मालिकेचा निरोप घेतला. याचा अर्थ, ब्रिटनमधल्या घराघरांत ज्या संध्याकाळी तिचे लग्न लागले, त्या संध्याकाळपर्यंत कायली मिनोग त्या मालिकेत उरलीच नव्हती. ‘मालिका संपवून संगीताकडे वळली’ हे वाक्य एका देशात अर्धेमुर्धे खरे आहे आणि दुसऱ्या देशात तर प्रेक्षकाच्या अनुभवाच्या अगदी विरुद्ध आहे. तेथे ती दुपारी मालिकेत आणि त्याच आठवड्यात गाण्यांच्या कार्यक्रमात दिसत होती.

‘लोकोमोशन’बाबत एक सावधगिरी घ्यावी. १९८७ चे ऑस्ट्रेलियातील गाणे आणि जुलै १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेले ‘द लोको-मोशन’ ही एकाच गीताची दोन वेगळी ध्वनिमुद्रणे आहेत, आणि दुसरे लंडनच्या निर्मात्यांनी नव्याने बांधलेले आहे. तक्त्यात दोन्ही एकाच ओळीत आली की सनावळी पुन्हा बिघडते.

तारखा कुठे तपासाव्यात

ब्रिटनच्या रकान्यासाठी काम सोपे आहे. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातील बीबीसीचे जुने वेळापत्रक ‘बीबीसी जीनोम’ या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते, आणि कोणत्या दिवशी काय दाखवायचे ठरले होते, ते तेथे मिळते. जानेवारी १९८८ पासून दुपारच्या भागाचे पुनःप्रक्षेपण संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी होऊ लागले, हा बदलही त्या वेळापत्रकात दिसतो. शाळेतून घरी आलेल्या मुलांपर्यंत मालिका पोहोचली ती या वेळेमुळे.

ऑस्ट्रेलियाच्या रकान्यासाठी अधिक चिकाटी लागते. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या भांडारात जुनी वृत्तपत्रे वाचता येतात, पण त्यांतली बहुतेक १९५४ पर्यंतचीच आहेत. ऐंशीच्या दशकासाठी उपयोगी पडते ते ‘द कॅनबेरा टाइम्स’, ज्याचे अंक १९९५ पर्यंत तेथे आहेत. मात्र येथे एक खाचखळगा आहे. १९८९ पर्यंत कॅनबेरामध्ये एकच व्यावसायिक वाहिनी होती, आणि ती निरनिराळ्या नेटवर्कचे कार्यक्रम आपल्या सोयीने दाखवत असे. त्यामुळे कॅनबेराच्या वृत्तपत्रातील तारीख मेलबर्न किंवा सिडनीची तारीख म्हणून उतरवून घेऊ नये. मराठी दैनिकाच्या नागपूर आवृत्तीतील वेळ मुंबईला लागू धरण्यासारखेच ते होईल. शहर कोणते, हे तारखेपुढे कंसात लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

चित्रीकरणाची तारीख आणि प्रक्षेपणाची तारीख याही वेगळ्या असतात. दैनंदिन मालिकेचे भाग काही आठवडे किंवा महिने आधी चित्रित होतात. मुलाखतीत कलावंत ‘मी तेव्हा मालिका सोडली’ असे म्हणतो तेव्हा तो चित्रीकरणाविषयी बोलत असतो, तर प्रेक्षकाच्या आठवणीत शेवटचा दिसलेला भाग असतो. दोन्ही खरे असते. नोंदीत नेमके काय अभिप्रेत आहे ते सांगावे.

भूमिकेकडे जवळून पाहा

तारखांचा सांगाडा उभा झाला की त्यावर मांस चढवण्यासाठी किमान दोन प्रसंग स्वतः पाहावेत. दुसऱ्याच्या सारांशावरून भूमिकेचे वर्णन लिहिले की ‘चुलबुली तरुणी’ असले शब्द येतात आणि ते कोणत्याही मालिकेतल्या कोणत्याही मुलीला लागू पडतात.

पहिला प्रसंग शार्लीनच्या प्रवेशाचा. ती आपल्याच घरात खिडकीतून शिरू पाहते आहे. शेजारचा स्कॉट तिला चोर समजून पकडतो आणि ती त्याला सरळ ठोसा लगावते. पुढे ज्या जोडप्याच्या लग्नाने दोन देशांना वेड लावले, त्याची पहिली भेट ही अशी आहे. हे पाहिल्यावर शार्लीन मोटार मेकॅनिक का होते, कामाचे कपडे चढवून, हाताला ग्रीस लावून गाडीखाली का शिरते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पात्राचा पिंडच तसा बेतला आहे. कायली मिनोग तेव्हा जेमतेम अठराची होत होती आणि चणीने लहानखुरी होती. तो ठोसा त्या चणीमुळेच लक्षात राहतो.

दुसरा प्रसंग लग्नाचा. तो पाहताना आवाजाकडे लक्ष द्यावे. शार्लीन चर्चमध्ये येते, स्कॉट मागे वळून पाहतो, आणि बराच वेळ संवाद जवळपास नाहीतच. त्या जागी अँग्री अँडरसन यांचे ‘सडनली’ हे गाणे वाजत राहते. रोज अर्धा तास बोलण्यावर चालणाऱ्या मालिकेने आपल्या सर्वांत मोठ्या दिवशी बोलणे थांबवले आणि काम चेहऱ्यांवर सोपवले. अभिनेत्री म्हणून कायलीचे मोल ज्याला लिहायचे असेल त्याने या काही मिनिटांत ती काय करते ते लिहावे. हे गाणेही दोन्ही रकान्यांत जाते: ब्रिटनमध्ये लग्नाचा भाग दिसल्यानंतर ते तेथील यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले.

त्या काळात ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांनी तिला ‘सिंगिंग बजी’, म्हणजे गाणारा पिंजऱ्यातला छोटा पोपट, असे हिणवले. दैनंदिन मालिकेतली मुलगी गाते, हेच अनेकांना खुपत होते. नोंदीत असा शेरा द्यायचाच असेल तर तो कोणी आणि का मारला हे सांगून द्यावा. तो शेरा म्हणजे तिच्या कामाचे वर्णन नव्हे. मला स्वतःला तो शेरा अन्यायाचा वाटतो, कारण आठवड्याला पाच भागांचे चित्रीकरण सांभाळून तिने ही गाणी केली होती.

आकडे आणि पुरस्कार

लग्नाचा भाग ब्रिटनमध्ये १ कोटी ९६ लाख लोकांनी पाहिला, असे नोंदले जाते. इंग्रजीतील दशलक्षांचे कोटी-लाखांत रूपांतर करताना एखादे शून्य सांडते, म्हणून आकडा एकदा पूर्ण अंकांत लिहून मगच शब्दांत उतरवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकड्याला काहीतरी शेजार द्यावा. तेव्हा ब्रिटनची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ७० लाख होती, म्हणजे दर तिघांतील एकाने तो भाग पाहिला. आणि साऱ्या ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्याही आत होती. मेलबर्नच्या एका कल्पित गल्लीतले लग्न पाहणारे ब्रिटिश प्रेक्षक संख्येने त्या संपूर्ण देशाहून अधिक होते, एवढे एक वाक्य टीआरपीच्या चार परिच्छेदांचे काम करते.

ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणीचे मुख्य पुरस्कार म्हणजे लोगी. दूरचित्रवाणीचे आद्य संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांच्या नावावरून ते ओळखले जातात. १९८८ च्या सोहळ्यात कायली मिनोगला एकाच रात्री चार लोगी मिळाले आणि त्यांत सर्वांत लोकप्रिय व्यक्तीला मिळणारा सुवर्ण लोगीही होता. सोहळ्याचे साल आणि ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला त्याचे साल वेगळे असते, याची नोंद ठेवावी. सुवर्ण लोगी प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो; त्याला ‘समीक्षकांनी गौरवले’ असे म्हणू नये.

आधीची आणि नंतरची वर्षे

शार्लीनच्या आधीच्या भूमिका थोडक्यात आटोपाव्यात, पण गाळू नयेत. २८ मे १९६८ रोजी मेलबर्नमध्ये जन्मलेली कायली १९७९ साली ‘द सलिव्हन्स’ या युद्धकाळातील कुटुंबाच्या मालिकेत कार्ला नावाच्या डच मुलीच्या छोट्या भूमिकेत दिसली, १९८० साली ‘स्कायवेज’ या विमानतळावरील मालिकेत आली, आणि १९८५ साली ‘द हेंडरसन किड्स’मध्ये तिने शार्लट ऊर्फ ‘चार’ ही मोठी भूमिका केली. तिन्ही मालिका मेलबर्नच्या क्रॉफर्ड प्रॉडक्शन्सच्या होत्या. ‘स्कायवेज’मध्ये जेसन डोनोव्हनही होता, आणि तेथे ही दोघे भावंडे म्हणून आली होती. धाकटी बहीण डॅनी तेव्हा ‘यंग टॅलेंट टाइम’ या मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमातून घराघरांत पोहोचली होती, आणि काही काळ बहिणींमध्ये ओळखीचा चेहरा तिचाच होता. दोघींच्या नोंदींची सरमिसळ होऊ नये म्हणून हे लक्षात ठेवावे: ‘होम अँड अवे’ या मालिकेत काम केले ते डॅनीने, कायलीने नव्हे.

नंतरच्या कामांत २००४ सालची ‘कॅथ अँड किम’ या ऑस्ट्रेलियन विनोदी मालिकेतील भूमिका मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तेथे ती किमची मोठी झालेली मुलगी एपोनी-रे म्हणून, लग्नाच्या पोशाखात येते, आणि त्या पोशाखातच शार्लीनच्या लग्नाची याद दिलेली आहे. सतरा वर्षांपूर्वीचा तो भाग ज्याने पाहिला नाही, त्याला ही गंमत निम्मीच कळेल. म्हणून या नोंदीत मागच्या नोंदीचा हवाला द्यावा. २५ डिसेंबर २००७ रोजी ‘डॉक्टर हू’च्या नाताळ विशेष भागात तिने ‘टायटॅनिक’ नावाच्या अवकाशयानावरील वाढपीण ॲस्ट्रिड पेथ साकारली. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ त्या वेळी डेव्हिड टेनंट रंगवत होते, आणि १ कोटी ३३ लाख प्रेक्षकांनी तो भाग पाहिला. तिच्यासारखी गायिका हाताशी असूनही त्या भागात तिला गायला लावलेले नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. २०१४ साली ती ‘द व्हॉइस’ या गायनस्पर्धेच्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन अशा दोन्ही आवृत्त्यांत मार्गदर्शक होती. तेथे वाहिन्याही दोन लिहाव्या लागतात, बीबीसी वन आणि नाइन नेटवर्क.

नावांबाबत एकच नियम पाळावा: कायली, काइली, कायले यांपैकी एक रूप निवडून नोंदीच्या शेवटपर्यंत तेच ठेवावे, आणि मालिकांची नावे भाषांतरित करू नयेत. ‘नेबर्स’ला ‘शेजारी’ केले की शोधणाऱ्याला नोंद सापडत नाही.

तक्त्यातील शेवटची ओळ २०२२ सालची आहे. सदतीस वर्षे चाललेली ‘नेबर्स’ त्या वर्षी थांबवण्यात आली (पुढच्याच वर्षी ती पुन्हा सुरू झाली, हे वेगळ्या ओळीत लिहावे), आणि निरोपाच्या भागात शार्लीन आणि स्कॉट मालिकेतल्या रॅमसे स्ट्रीट या गल्लीत परत आले. चौतीस वर्षांनी आलेल्या शार्लीनच्या तोंडी अगदी मोजकेच शब्द होते. कामाचा प्रकार: कथेतील पात्र. वाहिन्या: ऑस्ट्रेलियात टेन, ब्रिटनमध्ये चॅनल फाइव्ह. ऑस्ट्रेलियातील प्रथम प्रक्षेपण: २८ जुलै २०२२. ब्रिटनमधील प्रथम प्रक्षेपण: २८ जुलै २०२२.